कोपराच्या खळगीत जठराचा निरोप

सकाळची वेळ आहे. रात्रीपासून पोटात अन्नाचा कण गेलेला नाही. तुम्ही लॅबमधल्या बाकावर बसला आहात. खांदे सैल सोडा. एक हात बरगड्यांच्या खाली, थोडा डावीकडे ठेवा. श्वास घ्या, हळूच सोडा. त्या तळहाताखाली जठर आहे.

मन आत न्या. ओलं, घड्याघड्यांचं अस्तर. त्याच्या वरच्या भागातल्या पेशी तीव्र आम्ल स्रवतात, आणि त्या आम्लापासून अस्तराला सांभाळतो तो चिकट श्लेष्माचा पातळ थर. पृष्ठभागावरच्या पेशी काही दिवसांतच झडतात, त्यांच्या जागी नव्या येतात. इथे थोडं थांबा.

आता खाली उतरा, जठर निमुळतं होत आतड्याला मिळतं तिथे. इथल्या पेशी घास आला की गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक सोडतात. निरोप एवढाच : आम्ल हवं आहे. तो पोहोचवायचा वरच्या मजल्यावर, जेमतेम वीतभर दूर. पण गॅस्ट्रिन रक्तात उतरतं, यकृतातून हृदयात जातं, फुप्फुसांतून फिरून पुन्हा हृदयात येतं आणि मग जठराकडे परततं. या वाटेचा विचार सावकाश करा. शेजारच्या घरचा निरोप सगळा गाव फिरून येतो, म्हणून तर तो कोपराच्या खळगीतही सापडतो.

दंडाला रबरी पट्टा बांधला जातो. मूठ आवळा. सुई टोचते. नळी भरते. गॅस्ट्रिन लवकर विरतं, म्हणून ती नळी बर्फात ठेवतात.

पुरेसं आम्ल आलं की खालच्या पेशी गप्प होतात. पण वरचं अस्तरच झिजलं असेल तर? हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूने वर्षानुवर्षं दाह केला असेल, किंवा शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटली असेल, तर पुरेसं आम्ल येत नाही. हाक थांबत नाही. रक्तातलं गॅस्ट्रिन वाढत जातं. त्याच वरच्या पेशी बी-१२ शोषायला लागणारं प्रथिनही बनवतात, म्हणून त्या झिजल्या की बी-१२ कमी पडून थकवा येऊ शकतो, तळव्यांना मुंग्या येऊ शकतात. खालचं अस्तर झिजलं, तर हाकच क्षीण होते.

गॅस्ट्रिनचा आकडा वाढलेला दिसला तर घाबरू नका. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनीही तो वाढतो. त्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका. झीज किती, हे दुर्बिणीची तपासणी आणि अस्तराचा तुकडाच ठरवतो. रक्त फक्त विचारतं : हाकेला ओ का मिळत नाही?

ही हाक पहिल्यांदा ओळखली जॉन एडकिन्स यांनी, १९०५ साली. पुढे कित्येक वर्षं तिच्यावर शंका घेतली गेली. ते १९४० साली गेले. १९६४ साली लिव्हरपूलमध्ये ग्रेगरी आणि ट्रेसी यांनी डुकराच्या जठरातून शुद्ध गॅस्ट्रिन वेगळं काढलं, तेव्हा शंका फिटली. एडकिन्स यांची मनात आठवण ठेवा.

कापूस दाबून धरा. हात पुन्हा पोटावर ठेवा. घरून आणलेला डबा उघडा, मुगाच्या धिरड्याचा पहिला घास सावकाश चावा, गिळा. आता बोलू नका. आत निरोप निघाला आहे, त्याला गाव फिरून येऊ द्या.