हक की मेहरबानी?

आमच्या मोहल्ल्यात शिवणकाम करून दोन मुलांना शिकवणाऱ्या एका तलाकपीडित बहिणीच्या स्तनात गाठ आली. गाठ दुखत नव्हती. आठ महिने तिने कुणालाच सांगितले नाही. इतका उशीर का केलास, असे विचारले तेव्हा ती म्हणाली, "आपा, गाठीची नाही, हात पसरायची भीती वाटली."

ही आम्हा सर्वांविरुद्धची साक्ष आहे.

स्तनाचा कर्करोग लवकर कळला तर बरा होण्याची शक्यता मोठी असते. उपचारही गरिबाच्या अगदी आवाक्याबाहेर राहिलेले नाहीत. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. राज्याची २०१२ची जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते; कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन तिच्यात बसतात. पण केमोच्या दिवशी मुलांना कोण सांभाळणार? रेडिएशनला रोज जायचे गाडीभाडे, मशीन बंद पडल्यावर थकलेले घरभाडे कोणत्या योजनेत बसते? आजारी तीच आणि कमावतीही तीच.

अखेर ती जमातीकडे आली. आम्ही विचारले, नवऱ्याने का सोडले? भाऊ काय करतो? मग सुचवले, शिवणयंत्र विका. शेवटी म्हणालो, रमजानमध्ये या, तेव्हा जकात निघते.

सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हकदार मोजले आहेत. त्यांत नवऱ्याने का सोडले, ही अट नाही. कसबाची हत्यारे फिकहने गरजेत धरली आहेत. जकात रमजानलाच द्यावी असा नियम नाही. बहुतेक फुकहांच्या मते ती आगाऊही देता येते. सूरह मआरिजमध्ये मालदाराच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा 'हक' सांगितला आहे. हक म्हणजे तो पैसा आमचा नव्हताच. मग दुसऱ्याची अमानत परत करताना आम्ही मेहरबानीचा आव कशासाठी आणला?

खोटे मागणारे असतात, हे खरे. म्हणून डॉक्टरांचे कागद जरूर पाहावेत. पण चौकशी आजाराची व्हावी, अब्रूची नव्हे. सूरह बकरामध्ये तर अशा गरजूंचा उल्लेख आहे, जे मागत नाहीत म्हणून पाहणाऱ्याला सुखवस्तू वाटतात. त्यांना शोधणे हे देणाऱ्याचे काम आहे.

आज तिचे उपचार सुरू आहेत. गेलेले आठ महिने मात्र कोणतीही जकात परत आणू शकत नाही. ते तिने भीतीपोटी घालवले, आणि ती भीती आपण घातली होती.