प्रवासाचा खर्च कोणी सोसावा?

आगगाडीचे तिकीट म्हणजे कागदाचा एवढासा तुकडा. त्यावर नीतीचा एखादा प्रश्न छापलेला असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु अलीकडच्या काळात आपल्या रेल्वेने तिकिटांवर एक वाक्य छापण्याचा प्रघात पाडला. प्रवासास जो खर्च येतो त्यापैकी सरासरी ५७ टक्केच भाड्यातून वसूल होतो, असा त्याचा आशय. उरलेले त्रेचाळीस टक्के कोठून येतात हे मात्र तिकीट सांगत नाही. त्यांचा मोठा भाग मालगाड्यांच्या उत्पन्नातून, म्हणजे अखेर कोळसा, सिमेंट आणि धान्य घेणाऱ्याच्या खिशातून येतो. उतारूस या उपकाराची आठवण करून देण्यात हेतू काय असेल तो असो. मला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. जो गृहस्थ आपली मोटार घेऊन एकटाच शहराच्या रस्त्यावर दहा माणसांची जागा अडवून बसतो, त्याच्या हाती अशी पावती कोणीच देत नाही. रस्ते, उड्डाणपूल आणि मोटार उभी करण्याची जागा हीही सार्वजनिक पैशातूनच होतात. परंतु त्यांना आपण ‘सुधारणा’ म्हणतो, आणि बसच्या खर्चाला ‘तूट’.

ज्याने प्रवास करावा त्याने त्याचे मोल द्यावे, हे तत्त्व वरवर पाहता इतके सरळ दिसते की, त्याविरुद्ध बोलणारा मनुष्य दुसऱ्याच्या पैशावर डोळा ठेवणारा आहे की काय, अशी शंका यावी. परंतु या देशात आगगाडी या तत्त्वावर कधी चाललीच नाही. १८४९ च्या कराराने ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीस तिच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी मिळाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली ती या हमीच्या बळावर. हमीचा बोजा पडला हिंदुस्थानच्या महसुलावर, म्हणजे पुष्कळसा शेतसारा भरणाऱ्या रयतेवर. ज्या कुणब्याने जन्मात आगगाडी पाहिली नव्हती, त्याने लंडनच्या भागीदाराचे व्याज भरले. एकाचा प्रवास दुसऱ्याने सोसावा की नाही, हा वाद त्याच दिवशी निकालात निघाला. कोणी कोणासाठी सोसावे, आणि सोसणाऱ्याच्या वाट्याला कधी काही येते की नाही, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

या प्रश्नाचे स्वरूप नीट पाहावयाचे तर मुंबई-पुण्याकडे न पाहता प्रथम नंदुरबारकडे पाहावे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे वस्ती सुमारे साडेसोळा लाख. शंभरांत एकूणसत्तर आदिवासी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका खासगी कंपनीने सुरतेपासून अमळनेरपर्यंत तापी खोऱ्यातून लोहमार्ग घातला, तो या जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जातो. (याच मार्गावरील नवापूरचे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजराथेत आहे, सरहद्दी आखणाऱ्यांच्या गांभीर्यावर याहून चांगली टीका सुचणे कठीण.) जेथे जमीन सपाट आणि माल भरपूर तेथून कंपनीची गाडी जाणार, हे व्यापाराच्या रीतीस धरूनच होते. पुढे सरकार बदलले, कंपनी गेली, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये उधना-जळगाव हा मार्ग सुमारे २,४०० कोटी रुपये खर्चून दुपदरी व विद्युत् झाल्याचा समारंभही पार पडला. ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु तापीच्या उत्तरेस शहादे, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी हे जे चार तालुके आहेत, त्यांत आजही लोहमार्ग नाही.

का नाही, असे विचारले तर उत्तर तयार असते : तिकडे उतारू नाहीत. मला वाटते, सगळी गोम या एका वाक्यात आहे. वाहतुकीची योजना आखणारे मोजदाद करतात. आजच्या मार्गाने किती माणसे जातात, उद्या किती जातील, त्यावरून पैसा कोठे घालावयाचा हे ठरते. ही रीत शास्त्रीय आहे, यात वाद नाही. परंतु मोजदाद होते ती ज्याला जाण्याची सोय अगोदरच मिळाली आहे त्याची. सातपुड्यातील एखाद्या पाड्यावरून बाळंतिणीला झोळीत घालून चार माणसे डोंगर उतरतात, ती उतारू म्हणून कोणत्याही वहीत नोंदली जात नाहीत. नर्मदेच्या काठची, सरदार सरोवराच्या पाण्याने वेढलेली माणसे होडीने ये-जा करतात, तीही नाहीत. बाजाराच्या दिवशी जीपच्या टपावर बसून चांदसैलीचा घाट उतरणाराही बहुधा नाहीच. आणि जी मुलगी दहावीनंतर गाडी नाही म्हणून घरी राहिली, ती तर निघालीच नाही. न निघालेल्या माणसाला कोण मोजणार? जेथे वाट नाही तेथे चालणारा दिसत नाही, आणि चालणारा दिसत नाही म्हणून वाट होत नाही. हंगामात मात्र हीच माणसे ऊस तोडावयास दक्षिण गुजराथेत जातात. गरजेपोटी घर सोडणे त्यांच्या नशिबी असतेच. सोयीने घरी परतणे तेवढे नसते.

शहरांचा द्वेष करणे हा माझा हेतू नाही. मुंबईच्या लोकल गाड्यांतून पडून व रूळ ओलांडताना वर्षाकाठी दोन हजारांहून अधिक माणसे मेल्याची वर्षे आपण पाहिली आहेत. त्या शहरास नवे मार्ग हवेत यात शंका कसली? कुलाब्यापासून आरेपर्यंतचा साडेतेहतीस किलोमीटरचा भुयारी मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पुरा खुला झाला. त्यास ३७,००० कोटी रुपयांच्या वर खर्च आला. पुष्कळसा जपानच्या कर्जातून आणि उरलेल्यापैकी बराच सरकारी तिजोरीतून. येथे कोणी म्हणेल की, त्या तिजोरीत मुंबईच अधिक घालते. नंदुरबार देते त्याहून घेतेच जास्त. तसे असणे अगदी संभवनीय आहे. परंतु आपल्या घरातच पाहा. एकत्र कुटुंबात मिळवत्या भावाच्या खोलीला पंखा लागतो तेव्हा कोणी कुरकुरत नाही. पण विधवा वहिनीच्या औषधाचा प्रश्न निघताच तिने घरखर्चाला काय दिले असे जो विचारील, त्याला आपण हिशेबी म्हणू, की आणखी काही? शिवाय धडगावच्या दुकानातून साबण आणि कापड घेणाराही कर भरतोच. त्याने दिलेला रुपया लहान असेल, खोटा नसतो.

सरकार काहीच करीत नाही असेही नव्हे. एसटीच्या गाड्यांतून पंचाहत्तरी उलटलेल्या वृद्धांस ऑगस्ट २०२२ पासून मोफत, आणि स्त्रियांस मार्च २०२३ पासून अर्ध्या भाड्यात प्रवास करता येऊ लागला. शहाद्याच्या बाजारपेठेतील कष्टकरी बाईला ही सवलत मोलाची आहे, आणि तिची कुचेष्टा करणाऱ्या पांढरपेशा वर्गाबद्दल मला आदर वाटत नाही. परंतु सवलत ही असलेल्या गाडीवरची सवलत असते. ज्या गावास गाडीच जात नाही, तेथील बाईला मिळते ते शून्याचे निम्मे. एकाच कोषातून पैसा जातो, एकाच दयेच्या नावाने जातो, आणि तरीही जो अधिक दूर राहतो त्याला कमी मिळतो.

मग पैसा आणावा कोठून? याचे एक उत्तर शहरातच पडले आहे. नवे स्टेशन झाले की भोवतालच्या जमिनीची किंमत चढते. जमीनमालकाने त्यासाठी घाम गाळलेला नसतो. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत जमीनजुमल्याच्या खरेदीविक्रीवर मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रोसाठी अधिभार घेतला जातो, तो याच न्यायाने. आणि माझ्या मते तो थोडाच आहे. शहराच्या मार्गाने ज्याची जमीन सोन्याची केली, त्याने शहराचा मार्ग अधिक सोसावा. अक्राणीत वसूल करावी अशी चढलेली किंमतच नाही. तेव्हा सर्वांची म्हणून जी तिजोरी आहे तिचा पहिला हक्क तिकडे पोहोचतो. त्या तालुक्यास आज भुयारी मार्ग नको आहे, लोहमार्गही कदाचित नको असेल. एसटीची एक जुनी रीत आहे, मुक्कामी गाडीची. संध्याकाळी गाडी शेवटच्या गावी जाते, चालक आणि वाहक रात्री तेथेच निजतात, आणि पहाटे तीच गाडी दवाखान्याला, शाळेला, कचेरीला निघालेल्यांना घेऊन परत फिरते. आगाराच्या वहीत तिची फेरी बहुधा तोट्याची ठरते, आणि गाड्या कमी करावयाच्या झाल्या की तिचेच नाव आधी निघते. जाताना तिच्यात कित्येकदा पाचसहाच माणसे असतात.