अखंड विमान, खंडित सत्य

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय विमान व अंतराळ संग्रहालयाची 1976 साली उघडलेली इमारत अपुरी पडू लागल्यावर, जी अजस्र विमाने तिच्या दालनांत मावणे अशक्य होते त्यांच्यासाठी, स्टीव्हन उद्वर-हाझी या हंगेरीत जन्मलेल्या उद्योजकाने दिलेल्या साडेसहा कोटी डॉलरांच्या देणगीच्या आधारे, डलेस विमानतळालगत विस्तीर्ण नवी वास्तू उभी राहिली व डिसेंबर 2003 मध्ये लोकांना खुली झाली. वरकरणी हा निव्वळ जागेचा मामला. परंतु त्या वास्तूत, 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर अणुबाँब टाकणारे ‘एनोला गे’ आपले सुमारे 43 मीटरांचे रुपेरी पंख पसरून उभे आहे, आणि त्याच छपराखाली ‘सेइरान’ हे जपानी विमानही विसावले आहे.

पातक उपकरणाला लागते काय? जड धातूला संकल्प नाही, म्हणून त्याला दोषही नाही, हे तर्कास पटते. तरीही त्या लखलखीत पत्र्यावर स्वतःचे प्रतिबिंब पाहणारा माणूस क्षणभर नजर खाली वळवील, कारण संकल्प ज्याचा असतो त्या जातीचा तो प्रतिनिधी होय. 1995 साली जुन्या इमारतीत या विमानाच्या धडाचा केवळ पुढचा भाग मांडताना, सोबतच्या मजकुरावरून एवढा गदारोळ माजला की प्रदर्शनाचा मूळ मसुदा रद्दबातल झाला. संग्रहालय वाढविल्याने विमान अखंड मावले; मृतांची स्मृती आणि जेत्यांचा अभिमान एकत्र मावण्याइतकी वृद्धी मात्र कोणत्याही देणगीने होत नाही, ती अंतःकरणालाच करावी लागते.