बाळंतपण करणाऱ्या हातांची बढती

बारावी झालेल्या एखाद्या मुलीने ठरवलं, की आपण बाळंतपणं करायची. डॉक्टर व्हायचं नाही, कुठल्याही वॉर्डातली नर्सही व्हायचं नाही. पहिल्या कळेपासून बाळ छातीशी लागेपर्यंत आणि पुढचा सव्वा महिना आईच्या सोबत राहायचं, हेच आयुष्यभराचं काम. तर तिने फॉर्म कुठला भरायचा? या एकाच कामाचा, बारावीनंतर थेट प्रवेश मिळणारा शासनमान्य अभ्यासक्रम महाराष्ट्रातच काय, भारतात कुठेच नाही. दोन वर्षांचं एएनएम आहे, तीन वर्षांचं जीएनएम आहे, चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग आहे. तिन्हींत प्रसूतीचा विषय शिकवला जातो. जीएनएम किंवा बी.एस्सी. झालेल्या मुलीची नोंद नर्सिंग कौन्सिलकडे नर्स आणि मिडवाइफ अशी दुहेरी होते. कागदावर मिडवाइफ असलेल्या लाखो स्त्रिया या देशात आहेत. बाळंतपण हेच ज्यांचं रोजचं आणि कायमचं काम, अशा मात्र फार थोड्या.

याचं कारण रुग्णालयाच्या भिंतीवरच्या ड्युटीच्या तक्त्यात सापडतं. लेबर रूममध्ये दोन वर्षं काढलेल्या सिस्टरचा हात बसलेला असतो. पोटावर हात ठेवला की बाळाचं डोकं किती खाली आलं आहे ते तिला समजतं. कळांची लय, बाळाच्या ठोक्यांतला फरक, आईच्या आवाजातला बदल यांवरून पुढच्या तासात काय होणार याचा अंदाज ती बांधते. मग तक्ता बदलतो आणि ती मेल सर्जिकलला जाते. तिच्या जागी येते ती गेली तीन वर्षं आयसीयूत असलेली, तितकीच कष्टाळू, पण टेबलावर हात थरथरणारी दुसरी सिस्टर. हृदयाच्या शल्यविशारदाला वर्षभर डोळ्यांच्या विभागात पाठवण्याचा विचार कोणी करत नाही. प्रसूतीचं कौशल्य मात्र कुठलीही सिस्टर कुठेही उचलून नेईल आणि परत आल्यावर जसंच्या तसं वापरेल, असं आपल्या व्यवस्थेने गृहीत धरलं आहे.

या समजुतीची मुळं खोल आहेत. गावातली सुईण बहुतेक वेळा समाजाच्या तळातल्या जातीची असे. नाळ कापणं, वार पुरणं, रक्ताने भरलेले कपडे धुणं ही कामं विटाळाची मानली जात, आणि ती करणाऱ्या बाईला साडी-चोळी, पायलीभर धान्य, नारळ असं काही दिलं की देणं फिटलं असं समजत. मजुरी ठरवून घेण्याचा हक्क तिला नव्हता. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि तिथल्या स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला जाऊ लागल्या. परक्या माणसांची शुश्रूषा हे घरंदाज बायकांचं काम नव्हे, हा समज मोडायला त्या संस्थेला वर्षानुवर्षं झगडावं लागलं. त्या शिकल्या म्हणून विधवांच्या हाती स्वतःची कमाई आली. ही महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातली मोठी गोष्ट आहे. तरीही बाळंतपणाच्या कामाचं मोल कृतज्ञतेत मोजण्याची सवय गेली नाही. आजही मुलगा झाला की लेबर रूमच्या दाराशी मावशीच्या हातात नोट कोंबली जाते आणि मुलगी झाली की ती नोट लहान होते. जिथे कामाचा दाम ठरलेला नसतो तिथे बक्षिसी ठाण मांडून बसते, आणि तिचा अपमान घेणाऱ्या-देणाऱ्या दोघांचाही होतो.

स्वातंत्र्यानंतर सरकारने एक चांगली सुरुवात केली होती. पन्नासच्या दशकात एएनएमचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आला आणि त्यात प्रसूतीवर मोठा भर होता. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने एएनएमला बहुउद्देशीय कर्मचारी करण्याची शिफारस केली, पुढे प्रशिक्षणाचा काळही दीड वर्षावर आला. दोन वर्षांचा अभ्यासक्रम परत यायला तीन दशकांहून अधिक काळ लागला. लसीकरण, कुटुंब नियोजन, हिवताप, सर्वेक्षणं, नोंदवह्या आणि आता मोबाइलवरची माहिती भरणं हे सगळं तिच्या अंगावर पडत गेलं. सपाट प्रदेशात पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा निकष. त्या उपकेंद्रातल्या एएनएमकडून, म्हणजे आरोग्यसेविकेकडून, बाळंतपण सोडून बाकी सगळ्याची अपेक्षा होऊ लागली. २००५ नंतर रक्तस्राव थांबवण्यासाठी ऑक्सिटोसिन आणि झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देण्याची मुभा तिला मिळाली. हे धोरण धाडसी आणि योग्य होतं. त्यासाठीचं विशेष प्रशिक्षण होतं एकवीस दिवसांचं.

२००५ मध्येच रुग्णालयातल्या बाळंतपणाला प्रोत्साहन देणारी जननी सुरक्षा योजना आली. देशात रुग्णालयात होणाऱ्या प्रसूतींचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के होतं, ते २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ८८.६ टक्क्यांवर पोहोचलं, महाराष्ट्रात ९४.७ टक्क्यांवर. २०१८-२० च्या नमुना नोंदणी आकडेवारीनुसार देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. या यशात आरोग्यसेविका आणि आशा यांचे तळपाय झिजले आहेत, आणि ते कमी लेखण्याचं कारण नाही. फक्त बाई रुग्णालयात पोहोचली त्या वेगाने तिथे तिची वाट पाहणारं कुशल मनुष्यबळ वाढलं नाही. वीस बाया कळा देताहेत आणि सिस्टर दोन, अशा खोलीत पाठ चोळायला, चालवायला, धीर द्यायला कोण आणि कधी येणार? मग कळा वाढवायचं सलाइन लवकर लागतं, कट सर्रास घेतला जातो, ओरडणाऱ्या बाईवर हात उगारला जातो. दुसऱ्या टोकाला, खासगी रुग्णालयांतल्या ४७.४ टक्के प्रसूती त्याच सर्वेक्षणात सिझेरियनने झालेल्या दिसतात. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के आहे. नैसर्गिक प्रसूतीला वेळ लागतो, आणि तो वेळ देणारं माणूस पगारावर ठेवावं लागतं.

पगाराकडे वळावं. महाराष्ट्र शासनाच्या सातव्या वेतन आयोगानुसार आरोग्यसेविकेचं मूळ वेतन २५,५०० रुपयांपासून आणि सरकारी रुग्णालयातल्या अधिपरिचारिकेचं ३५,४०० रुपयांपासून सुरू होतं. भत्ते धरून हा बरा पगार आहे, आणि म्हणूनच एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात. पण कायम जागा भरतात क्वचित. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी भरतीच्या जाहिरातींत गेल्या काही वर्षांत एएनएमसाठी १८,००० आणि स्टाफ नर्ससाठी २०,००० रुपयांच्या आसपासचं एकत्रित मानधन दिसतं. एकाच लेबर रूममध्ये, एकाच रात्री, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोघींच्या पगारात दुपटीचा फरक असू शकतो. दहा वर्षं पूर्ण केलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याचा निर्णय राज्याने मार्च २०२४ मध्ये काढला. तो अमलात यावा यासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये याच कर्मचाऱ्यांना कामबंद आंदोलन करावं लागलं.

खासगी प्रसूतिगृहांत याहून कठीण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खाटांच्या संख्येनुसार पगार सुचवले: दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी पगाराइतका, आणि पन्नासहून कमी खाटा असतील तरी किमान २०,००० रुपये. आपल्याकडची बहुतेक प्रसूतिगृहं या शेवटच्या गटात मोडतात. केरळने परिचारिकांच्या दीर्घ लढ्यानंतर २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढून त्या शिफारशीला कायद्याचं बळ दिलं. जिथे तसं झालं नाही तिथे शिफारस कागदावर राहते, आणि रात्रभर जागून तीन बाळंतपणं करणारी मुलगी मॉलमधल्या विक्रेतीएवढ्या पगारावर घरी जाते.

मात्र पगार हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा बढतीचा, आणि त्याची चर्चा जवळपास होतच नाही. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिकेची परिसेविका होते, पुढे सहायक अधिसेविका, मग अधिसेविका म्हणजे मेट्रन. आरोग्यसेविकेची आरोग्य सहाय्यिका होते. प्रत्येक पायरीवर रजिस्टरं वाढतात, साहित्याचे हिशेब वाढतात, बैठका वाढतात आणि बाळंतपणं कमी होतात. परिसेविका झाल्यावर टेबलाजवळ जाणं अपवादाने घडतं. मेट्रन झाल्यावर ते संपतं. शिकवण्याकडे वळलेली पाठ्यनिर्देशिका वर्गात जाते आणि तिचाही लेबर रूमशी संबंध तुटतो. ज्या कौशल्यासाठी तिला मान मिळाला, ते सोडल्याशिवाय तिला वर जाता येत नाही. न सोडणारीला आश्वासित प्रगती योजनेत दहा-वीस-तीस वर्षांनी पगाराची पुढची श्रेणी मिळते, पण ती सेवेच्या वर्षांसाठी. उत्तम बाळंतपणासाठी नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. जीएनएम किंवा बी.एस्सी. झालेल्या आणि प्रसूतींचा दोन वर्षांचा अनुभव असलेल्या परिचारिकांना अठरा महिन्यांचं प्रशिक्षण द्यायचं, त्यांना ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ म्हणायचं, आणि मोठ्या रुग्णालयांत त्यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र कक्ष चालवायचे, अशी ती योजना. गुंतागुंत नसलेली प्रसूती पूर्णपणे त्यांच्या हाती. अडचण दिसली की शेजारीच डॉक्टर. या कल्पनेला तेलंगणाचा आधार होता. हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलने डॉ. एव्हिटा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने २०११ मध्ये आपल्याकडे मिडवाइफ घडवायला सुरुवात केली, आणि २०१७ मध्ये राज्य सरकार व युनिसेफ यांच्यासोबत करीमनगरला तीस सरकारी परिचारिकांची पहिली तुकडी घेतली. ज्या राज्यात २०१९-२१ च्या सर्वेक्षणात सिझेरियनचं प्रमाण ६०.७ टक्के दिसलं, त्याच राज्याला ही गरज आधी जाणवली हे स्वाभाविकच. बाई उकिडवी बसून, कुशीवर वळून, हव्या त्या स्थितीत बाळंत होऊ शकते आणि सोबतीला घरची बाई असू शकते, हे तिथल्या कक्षांनी सरकारी व्यवस्थेत करून दाखवलं.

योजना चांगली आहे, पण तिची खरी परीक्षा प्रशिक्षण संपल्यावर सुरू होते. अठरा महिने घरापासून लांब, मुलं सासू-आईकडे ठेवून शिकलेली सिस्टर परत येते तेव्हा तिच्यासाठी वेगळं पद मंजूर आहे का? वेगळी वेतनश्रेणी आहे का? तिची बदली फक्त लेबर रूममध्येच होईल असा लेखी नियम आहे का? ही तीन उत्तरं ‘नाही’ असतील तर ती पुन्हा त्याच तक्त्यात शिरते आणि दीड वर्षाचं शिक्षण सहा महिन्यांत मेल सर्जिकलला जाऊन बसतं.

ब्रिटनमध्ये मिडवाइफचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम नर्सिंगपासून पूर्ण वेगळा आहे. विद्यार्थिनीला स्वतः चाळीस प्रसूती हाताळाव्या लागतात. नोकरी लागली की ती सरकारी आरोग्यसेवेच्या वेतनश्रेणीत बँड ५ वर येते आणि पहिल्या टप्प्यातली देखरेखीखालची उमेदवारी पूर्ण झाली की बँड ६ वर जाते. २०२४-२५ मध्ये इंग्लंडमध्ये हे पगार वर्षाला अनुक्रमे २९,९७० आणि ३७,३३८ पौंडांपासून सुरू होत होते. पुढे तज्ज्ञ मिडवाइफ, कन्सल्टंट मिडवाइफ ही पदं आहेत, आणि कन्सल्टंट झालेलीनेही प्रत्यक्ष मातांची सेवा करत राहावं अशी त्या पदाची रचना आहे. तिथेही सगळं आलबेल नाही. २०१७ मध्ये इंग्लंडने विद्यार्थिनींची शिष्यवृत्ती काढून घेतली, त्या कर्जात बुडाल्या, आणि २०२० पासून वर्षाला पाच हजार पौंडांचं अनुदान द्यावं लागलं. मराठी मुलींसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. ब्रिटनच्या नोंदणीत नर्स आणि मिडवाइफ हे स्वतंत्र विभाग आहेत, त्यामुळे दुहेरी नोंदणी घेऊन इथून गेलेली सिस्टर तिथे बहुधा नर्स म्हणूनच नोंदली जाते. आपण तिला दिलेलं अर्धं नाव विमानतळापलीकडे चालत नाही.

इतकं लांब जायचीही गरज नाही. श्रीलंकेने गावपातळीवरच्या सार्वजनिक आरोग्य मिडवाइफच्या बळावर मातामृत्यू भारताच्या कितीतरी आधी खाली आणले. बांगलादेशाने तीन वर्षांचा थेट प्रवेशाचा मिडवाइफरी डिप्लोमा सुरू केला, आणि २०१८ पासून त्या मुलींना उपजिल्हा आरोग्य केंद्रांत राष्ट्रीय वेतनश्रेणीच्या दहाव्या ग्रेडवर नेमलं. पगार, पद आणि काम या तीन गोष्टी त्यांनी एकाच वेळी ठरवल्या.

महाराष्ट्रात करायचं ते फार दुर्बोध नाही. मिडवाइफचं पद स्वतंत्र संवर्ग म्हणून मंजूर करणं, तिला लेबर रूमबाहेर न हलवण्याचा नियम, आणि टेबलाजवळ राहूनच वरच्या श्रेणीत जाता येईल अशी किमान तीन पदांची साखळी: मिडवाइफ, ज्येष्ठ मिडवाइफ, प्रशिक्षक मिडवाइफ. प्रशिक्षकाने आठवड्यातले काही दिवस बाळंतपणं करायची आणि काही दिवस शिकवायचं. खर्चाचा आक्षेप येईल. टाळता येण्याजोग्या सिझेरियनचा, त्यानंतरच्या खाटेचा, पुढच्या बाळंतपणातल्या धोक्याचा खर्च आज कुटुंबं आणि सरकार भरतच आहेत. तो कुठल्या पदाच्या नावाने दिसत नाही एवढंच. डॉक्टरांच्या मनात जबाबदारीची भीती असते, आणि ती खोटी नाही. काही बिघडलं तर कोण उत्तर देणार, हे कायद्याने स्पष्ट असायला हवं. १९४७ च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा संमत झाला आणि त्यात राज्य आयोगांची तरतूद आहे. हे नियम लिहिणाऱ्यांच्या टेबलावर लेबर रूममध्ये वीस वर्षं काढलेल्या सिस्टर बसल्या पाहिजेत.

आणि त्या बसल्याच, तर एएनएमचा विषय त्यांनी आधी काढावा. मेळघाटात किंवा धडगावात पंधरा वर्षं रात्री-बेरात्री बाळंतपणं केलेल्या आरोग्यसेविकेला आजच्या पात्रतेनुसार मिडवाइफरीच्या प्रशिक्षणात थेट प्रवेश नाही. तिने आधी तीन वर्षांचं जीएनएम करायचं, मग त्या पात्रतेवर दोन वर्षांचा अनुभव दाखवायचा, मग अठरा महिने. साडेसहा वर्षं होतात. त्यातली साडेचार वर्षं ती नोकरीपासून दूर असेल. तेवढा काळ तिचा पगार चालू राहील का, आणि उपकेंद्रात तिच्या जागी कोण असेल, हे कोणत्याही शासन निर्णयात लिहिलेलं नसेल तर पस्तिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई असलेली कोणती आरोग्यसेविका तो अर्ज भरेल?