भयाची मौज

भुताखेतांच्या चित्रपटांची मला फार आवड आहे. मास्तराने, आणि त्यातून कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराने, हे चारचौघांत कबूल करायला थोडे धैर्य लागते. आवडता चित्रपट कोणता म्हणून कोणी विचारले आणि आपण 'श्यामची आई' म्हटले, की सारी बैठक मान डोलावते. 'पुराना मंदिर' म्हटले की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग तुमच्याकडे जरा निरखून पाहू लागतो.

माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढे चित्रकलेची पदविका घेतली आणि शाळेत लागलो. भयरसाची शास्त्रीय मीमांसा काही मला यायची नाही. पण आपल्या जुन्या आचार्यांनी रसांच्या पंगतीत भयानकालाही पाट मांडून दिला आहे, एवढे ठाऊक आहे. शिवाय आमचा तालुका घनसावंगी. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यातले. तेव्हा दिवसभर भुताच्या गोष्टी मिटक्या मारीत ऐकायच्या आणि तिन्हीसांजेला घाईघाईने भीमरूपी म्हणायची, हा आमच्याकडचा जुनाच रिवाज आहे. भय आणि त्यावरचा उतारा दोन्ही घरचेच.

१९९१ साली मी अकरा वर्षांचा होतो. गणपतीत वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणायचे आणि एका रात्रीत तीन चित्रपट पाहायचे, अशी तेव्हा पद्धत होती. पहिला देवाधर्माचा, दुसरा मारामारीचा. आणि बायाबापड्या पेंगुळलेली पोरे खांद्यावर टाकून घरी गेल्या की तिसरा रामसे बंधूंचा. मी पेंगुळल्याचे सोंग करून मागे राहत असे.

या रामसे मंडळींची हकीकत मोठी गमतीची आहे. घराणे कराचीचे, रेडिओच्या धंद्यातले. फाळणीनंतर मुंबईला आले. १९७० साली त्यांनी काढलेला एक चित्रपट पडला. पण त्यातल्या एका प्रसंगात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करतात, तेवढा प्रसंग लोकांना आवडतो, हे मुलांच्या ध्यानात आले. मग सारे घरच कामाला लागले. थोडीशी माणसे घेऊन महाबळेश्वर गाठले, आणि १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' पडद्यावर आला. त्यापूर्वीच्या हिंदी चित्रपटांत भूत बहुधा शेवटी माणूसच निघायचे. 'महल' (१९४९) मधली ती झुल्यावरची छाया माळ्याची मुलगी निघते. रामशांच्या घरी मात्र भूत खरेच भूत. 'पुराना मंदिर' (१९८४) मधला सामरी तर असा, की त्याचे मुंडके एकीकडे आणि धड दुसरीकडे पुरून ठेवावे लागते. ते काम करणारे अनिरुद्ध अग्रवाल शिक्षणाने अभियंते होते, हे मला फार पुढे कळले. त्या रात्री कोणी सांगितले असते तरी मी विश्वास ठेवला नसता.

आता जे सांगायचे ते सांगतो.

आमच्या गावाच्या कडेला, ओढ्याच्या अलीकडे, एक विधवा बाई एकटी राहत असे. रात्री-बेरात्री ती कंदील घेऊन निघे आणि पहाटे परत येई. एक पाय ओढीत चाले. आम्हां पोरांना तेवढे पुरेसे होते. हडळीचे पाय उलटे असतात हे आजीकडून कळले होते. रात्री एकट्याने फिरणारी बाई कोण असते, हे व्हिडिओने शिकवले होते. गणपतीतल्याच एका रात्री, तिसरा चित्रपट संपल्यावर, आम्ही चौघे तिच्या वाटेवर बाभळीमागे दबा धरून बसलो. कंदील जवळ आला. भीतीने दातखीळ बसली होती. पण खोटे कशाला बोलू, त्या भीतीत एक गोड शिरशिरीही होती. मी दगड मारला. तो कंदिलाला लागला, काच फुटली, अंधार झाला.

"कोन हाय रे तिकडं?" एवढेच ती म्हणाली. कोणी उत्तर दिले नाही. मग ती खाली बसली आणि चाचपडत काचा गोळा करू लागली. वाटेवरून पहाटे अनवाणी माणसे जायची. तिने एकेक तुकडा पदरात घेतला. ते संपेपर्यंत आम्हांला हलता येईना, म्हणून मला ते सारे पाहावे लागले.

ती रात्री कुठे जाई, हे पुढे वडिलांच्या बोलण्यात सहज निघाले. शेतीपंपाला वीज रात्रीच यायची, आणि ती दुसऱ्याच्या बागेतल्या मोसंबीला रोजाने पाणी द्यायला जाई. पायावरून कधी काळी बैलगाडीचे चाक गेले होते. गावातल्या सगळ्या मोठ्या माणसांना हे ठाऊक होते. आम्हांला सांगावे असे कोणाला वाटले नाही. आणि आम्हीही विचारले नाही, कारण विचारले असते तर मौज गेली असती.

तिचे नाव मला कितीतरी वर्षांनी कळले. मतदारयाद्यांचे काम आम्हां शिक्षकांकडे असते. मयतांची नावे वगळताना ते वाचले. मी वगळलेल्या नावांत ते होते.

१९३१ सालचा 'फ्रँकेन्स्टाइन' मी पाहिला तो पंधराएक वर्षांपूर्वी, तेव्हाच्या औरंगाबादेत, एका मित्राच्या संगणकावर. मेरी शेली या इंग्रज बाईने ही कथा विशीच्या आतच लिहिली; पुस्तक १८१८ साली निघाले. एक शास्त्रज्ञ प्रेतांचे तुकडे जोडून माणूस घडवतो, आणि तो हालचाल करू लागताच त्याला टाकून देतो. नावसुद्धा ठेवीत नाही. चित्रपटाच्या सुरुवातीला नटांची नावे येतात, तिथेही या प्राण्यापुढे नुसते प्रश्नचिन्ह आहे! बोरिस कार्लोफचे नाव येते ते शेवटी.

त्यात एक प्रसंग आहे. तळ्याकाठी एक लहान मुलगी त्याला भेटते. ती त्याला भीत नाही. दोघे पाण्यात फुले टाकतात. फुले तरंगतात, तो हसतो. फुले संपतात. मग ही मुलगीही फुलासारखीच तरंगेल अशा समजुतीने तो तिला उचलून पाण्यात टाकतो, आणि ती बुडाल्यावर घाबरून पळतो. हे पाहवणार नाही म्हणून पुढे तो भाग कापला गेला. कापलेल्या प्रतीत तो मुलीकडे हात पुढे करतो तिथेच प्रसंग तुटतो, आणि नंतर एकदम बाप मुलीचे प्रेत हातांवर घेऊन येताना दिसतो. मधल्या वेळात काय घडले असेल ते प्रेक्षकांनी आपापल्या मनाने भरून घेतले. आणि माणसाचे मन अशा जागी काय भरते ते सांगायला नको. सज्जनांनी कात्री लावली आणि त्या अजाण प्राण्याला नराधम करून ठेवले. कापलेला तुकडा पुन्हा जोडला जायला पन्नासएक वर्षे लागली.

शेवटी गावकरी मशाली घेऊन निघतात आणि तो लपलेली पवनचक्की पेटवतात. मित्र रंगात येऊन पाहत होता. मला त्या गर्दीत एक अकरा वर्षांचा मुलगा दिसत होता. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो.

माझे एक सहकारी कडवे अंधश्रद्धाविरोधी आहेत. ते म्हणतात, "सर, असले चित्रपट पाहणे म्हणजे विषाची परीक्षा." डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्या माणसावर करणीचा आळ घेणे हा आता महाराष्ट्रात गुन्हा आहे. सहकाऱ्यांचे म्हणणे मला पटते, पण अर्धेच. 'झपाटलेला' (१९९३) मधल्या तात्या विंचूने माझ्या पिढीला कमी घाबरवले नाही. रामदास पाध्यांचा तो बाहुला पाहून पोरे बाहुल्या पेटीत कुलूपबंद करून झोपत. पण तात्या विंचूपायी कोणाच्या दारावर दगड पडल्याचे मी ऐकलेले नाही. त्याला आमच्या गावात घर नव्हते. हडळीला होते, ओढ्याच्या अलीकडे. फरक असलाच तर तो इथे आहे, असे मला वाटते. मग मनात येते, ही पळवाट तर नव्हे? सामरीचा शेवट होतो तेव्हा माझी टाळी आजही पडते. त्या टाळीत त्या रात्रीची शिरशिरी नसतेच, अशी शपथ मला घेता येत नाही.

दिवाळीतही हाच घोळ आहे. नरकचतुर्दशीला पहाटे नरकासुर म्हणून कोकणात कारीट पायाखाली चिरडतात, गोव्यात त्याचा पुतळा जाळतात. पाडव्याला आपण बळीचे राज्य येवो म्हणून ओवाळतो, आणि बळीही असुरच! चार दिवसांच्या सणात एका असुराला अंगठ्याने फोडायचे आणि दुसऱ्याची वाट पाहायची. बळीची कथा आपल्याला पुरती ठाऊक आहे. तिसऱ्या पावलापर्यंत, डोके पुढे करण्यापर्यंत. नरकासुराची कोणी विचारीत नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीपूर्वी सहावीच्या वर्गाला मी चित्राचा विषय दिला: भूत. वर्गात असा आनंद मी क्वचितच पाहिला आहे. शिंगे, सुळे, चार डोळे. एकाने तर मुख्याध्यापकांची मिशीही लावली, ती मी पाहून न पाहिल्यासारखी केली. एका मुलाच्या कागदावर मात्र शिंगे नव्हती. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक म्हातारा, हातात पिशवी, मागे चंद्र. हा म्हातारा मला ओळखता आला. वस्तीच्या टोकाला राहतो.

"हा काय करतो रे?" मी विचारले.

"रात्री फिरतो, सर."

"कशाला?"

"माहीत नाही."

"आणि पिशवीत काय असते?"

तो गप्प राहिला. बाकावरच्या मुलाने हळूच सांगितले, "मुंडकं असतं म्हणतात, सर."

मी कागद परत दिला. चित्र पुरे झालेले नाही, पिशवीत काय आहे ते विचारून ये आणि मग काढ, म्हणालो. एकटा जाऊ नकोस, वडिलांना घेऊन जा, असेही सांगितले. तीन दिवस तो काही बोलला नाही, आणि मीही विचारले नाही.

चौथ्या दिवशी कागद टेबलावर होता. पिशवी उघडी दाखवली होती आणि तीत भाकरीचे तुकडे होते. म्हाताऱ्याच्या भोवती पाच कुत्री काढली होती. एकाचे शेपूट काढायचे राहिले होते.