नाव देणे आणि नावे ठेवणे



एखादे मूल वर्गात एका जागी बसत नाही, हाक मारली तर पाहत नाही, चार वर्षांचे झाले तरी बोलत नाही. पूर्वी अशा मुलाला आपण ‘वांड’, ‘हट्टी’ किंवा ‘खुळा’ म्हणून मोकळे होत असू. आज डॉक्टर ‘एडीएचडी’ किंवा ‘स्वमग्नता’ असे निदान करतात. तेव्हा पुष्कळ पालक विचारतात, लेकराच्या कपाळी हा शिक्का कशाला?

योहानच्या शुभवर्तमानात (अध्याय ९) जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोघांनाही दोषमुक्त करतो. तरी माणसाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या अभ्यासातून स्वमग्नतेचे वर्णन केले. पुढे कित्येक वर्षे आईची माया आटली म्हणून मूल असे झाले, असे काही नामांकित तज्ज्ञ सांगत राहिले. ब्रुनो बेटलहाइम यांचे १९६७ सालचे गाजलेले पुस्तक याच मताचे होते. १९७७ साली ब्रिटनमध्ये जुळ्या मुलांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसून आला आणि तो आरोप हळूहळू मागे पडला. आईच्या माथ्यावरचा खोटा दोष उतरला, तो नीट केलेल्या अभ्यासामुळे.

मग नाव देण्यात धोका नाहीच का? आहे. प्रत्येक खोडकर मूल आजारी नसते. अपुरी झोप, घरातली भांडणे यांनीही मूल बेचैन होते. म्हणून निदान तज्ज्ञानेच, सवडीने तपासून करावे, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नव्हे. आणि निदान खरे असले तरी ते अडचणीचे नाव आहे, मुलाचे नव्हे. त्याचे नाव बाप्तिस्म्याच्या वेळी घेतले गेले तेच.

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे. हीच कसोटी येथे लावू या. या नावाने मुलाला त्याचे देणे मिळते, की त्याचे दार बंद होते? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. निदान लपवले तर उपचार लांबतात आणि हक्काच्या सवलतीही हातच्या जातात. उलट शाळेत प्रवेश नाकारण्यासाठी किंवा सोयरिकीत कुजबुजण्यासाठी तेच नाव वापरले, तर ते नावे ठेवणे झाले. पालकांनीही मनाला विचारावे, आपण निदान टाळतो ते मुलाच्या भल्यासाठी, की घराण्याच्या अब्रूसाठी?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॅटिकनमध्ये स्वमग्न व्यक्तींची व त्यांच्या कुटुंबीयांची भेट घेतली आणि त्यांचे एकटेपण दूर करण्याचे आवाहन केले. ते एकटेपण आपल्या मिस्सातही असते. मूल ओरडते, दहा माना मागे वळतात आणि पुढच्या रविवारी ती आई येत नाही. पालक लपवतात, कारण आपण बघतो. तेव्हा आधी आपण बदलू या. मान वळवण्याऐवजी बाकावर थोडे सरकून जागा करू या. अशा मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात आणि प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीतही स्थान आहे. पालकांनी निःसंकोचपणे येऊन बोलावे.

प्रभू आपणा सर्वांच्या लेकरांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू