सब्र आणि औषधाची चिठ्ठी

आमच्या मशिदीत एक वृद्ध मुसल्ली नेमाने येतात. गेल्या वर्षी ते पाय ओढत चालू लागले. तळव्याला फडके गुंडाळलेले असे. "चाचा, डॉक्टरांना दाखवलंत का?" असे विचारले की बोट आकाशाकडे करून म्हणत, "अल्लाह शिफा देईल." जुम्याच्या खुतब्यात सब्राची महती सांगताना मी त्यांचे नाव न घेता उदाहरणही दिले. आज मला त्या कौतुकाची लाज वाटते.

कारण पुढे त्यांच्या खिशातली चिठ्ठी पाहायला मिळाली. मधुमेहाच्या तीस गोळ्या लिहिलेल्या, आणलेल्या पंधरा. ते एक दिवसाआड गोळी घेत होते. सरकारी रुग्णालयात तपासणीला फारसा खर्च येत नाही, हे खरे. पण तिथवर जायचे तर एसटीचे भाडे, रांगेत गेलेला दिवस आणि सोबत येणाऱ्या मुलाचा कामावर खाडा. केसपेपरच्या शुल्कात ही किंमत दिसत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. रोजची गोळी पदरच्या पैशानेच घ्यावी लागते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी उपचाराच्या वेळी थेट स्वतःच्या खिशातून भरली.

पैसा आणि उपचार यांचे हे नाते केवळ आपल्याकडचे नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात रँड या संस्थेने २,००० हून अधिक कुटुंबांवर एक दीर्घ प्रयोग केला. काहींना उपचार मोफत, तर काहींना खर्चाचा वाटा स्वतः उचलायचा. ज्यांना पैसे भरावे लागले त्यांनी उपचार कमी केले. आणि अनावश्यक उपचार जेवढे टाळले, जवळजवळ तेवढेच आवश्यकही टाळले. गरीब रक्तदाबाच्या रुग्णांना मोफत उपचारांचा स्पष्ट लाभ झाला. त्या कुटुंबांच्या वागण्याला कोणी तवक्कुल म्हटले नाही.

उपचार करावेत का, असे वाळवंटातील अरबांनी विचारले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी होकार दिला आणि वार्धक्य वगळता प्रत्येक व्याधीचा इलाज अल्लाहने निर्माण केल्याचे सांगितले. मदरशात आम्ही आणखी एक गोष्ट शिकलो: अन्न नाकारून मरणारा पापी ठरतो, उपचार न घेता मरणारा ठरत नाही, कारण अन्नाने भूक शमणे निश्चित, औषधाने बरे होणे अनिश्चित. फुकहांचे हे म्हणणे मी नाकारत नाही. मात्र ही सवलत रुग्णाला आहे. शेजाऱ्याला ती कोणी दिली? ज्याच्या हाती उपाय आहे त्याने दुसऱ्याला सब्र शिकवणे ही सोयीची धार्मिकता झाली. सूरह बकरामध्ये (२:२७३) अशा गरजूंचा उल्लेख आहे, ज्यांच्या न मागण्यामुळे अजाण माणूस त्यांना संपन्न समजतो. मी तर एक पायरी पुढे गेलो; मी त्यांना संत समजलो.

आपली जकात बहुधा रमजानमध्ये निघते, आजार मात्र महिना पाहून येत नाही. जो निसाबचा मालक आहे त्याने वर्ष पुरे होण्याआधी जकात दिली तरी ती अदा होते, ह. अब्बास (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) तशी परवानगी दिली होती. हनफी आणि कोकणातील शाफिई, दोघांनाही हे मान्य आहे. शिवाय कुरआनने जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जबाजारी माणूस गणला आहे. पण रुग्णालयाचे बिल सावकाराकडून भागेपर्यंत आपण कशाची वाट पाहतो, हे मला उमगत नाही.

खोट्या चिठ्ठ्या दाखवणारे असतात, ही तक्रार मीही ऐकली आहे. असतील. त्यासाठी औषधाच्या दुकानात महिन्याचे खाते ठेवता येते. एवढेच पाहावे, की जकातीत हक्कदाराला मालक करणे अट आहे. म्हणून दुकानदाराला पैसे देण्यापूर्वी त्या रुग्णाची परवानगी घ्यावी. ती चारचौघांत, वजूखान्यापाशी मागू नये. घरी जाऊन मागावी.